दोन शहरांमधलं हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ कसा काढायचा?

मुंबईहून लंडनला विमानाने किती वेळ लागतो, असं विचारलं की कोणी नऊ तास सांगतं, कोणी दहा. दोघांचंही बरोबर असतं. लंडनकडे जाताना दहा तासांच्या आसपास लागतात आणि तिकडून येताना नऊच्या आसपास. आता तिकीट बघा. निघण्याची वेळ दुपारी १ आणि पोहोचण्याची संध्याकाळी ५.३०, म्हणजे वजाबाकी केली तर अवघे साडेचार तास! पहिल्यांदाच लांबचा प्रवास ठरवणाऱ्याची इथेच फसगत होते. मग पुढच्या विमानाचं तिकीट चुकीच्या वेळेचं काढलं जातं, नाहीतर घ्यायला येणारा माणूस विमानतळावर ताटकळत बसतो.

दोन शहरांमधलं अंतर कायम असतं. वेळ मात्र दिशेप्रमाणे, ऋतूप्रमाणे आणि कुठल्या देशाचं आकाश उघडं आहे त्याप्रमाणे बदलतो. म्हणून कुठल्यातरी पानावरचा एकच आकडा पाठ करण्यापेक्षा हिशोब स्वतः करायला शिकलेलं बरं. वहीपेन्सिल घेऊन दहा मिनिटांत जमेल इतकाच तो आहे.

पायरी १: शहर नाही, विमानतळ ठरवा

अंतर मोजायचं ते विमानतळापासून विमानतळापर्यंत. टोकियोला नारिता आणि हानेदा असे दोन मोठे विमानतळ आहेत. हानेदा शहराच्या मध्यापासून साधारण १५ किलोमीटरवर आहे, तर नारिता साधारण ६० किलोमीटरवर. हवेतल्या वेळेत या दोघांमुळे काही फरक पडत नाही. उतरल्यावर मात्र अर्ध्या-पाऊण तासाचा फरक सहज पडतो.

एकाच नावाची शहरंही नीट बघून घ्या. सॅन होजे ही कोस्टा रिकाची राजधानी आहे आणि याच नावाचं शहर कॅलिफोर्नियातही आहे. सिडनी ऑस्ट्रेलियात आहे, तसं कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातही आहे. विमानतळांचे तीन अक्षरी कोड याच कामाचे असतात: कोस्टा रिकातल्या सॅन होजेचा एसजेओ, कॅलिफोर्नियातल्याचा एसजेसी. कोड एकदा टिपून ठेवला की पुढे कुठेही तोच वापरायचा.

पायरी २: अंतर काढा

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजू नका. आपण लहानपणापासून बघतो तो जगाचा नकाशा बहुतेक वेळा मर्केटर पद्धतीचा असतो. गेरार्डस मर्केटरने १५६९ मध्ये तो जहाजांसाठी आखला. दिशा दाखवायला तो उत्तम आहे, पण ध्रुवांकडे जाऊ तसं सगळं ताणलं जातं. आफ्रिका ग्रीनलंडच्या सुमारे चौदा पट मोठी असूनही त्या नकाशावर दोघं जवळपास सारखेच दिसतात. जिथे खंडाचं आकारमान इतकं बिघडतं तिथे पट्टीने मोजलेलं अंतर कसं बरोबर येणार?

पृथ्वीचा गोल घ्या आणि दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. दोरा ज्या वाटेने बसेल ती सगळ्यात जवळची वाट. तिला ग्रेट सर्कल मार्ग म्हणतात. माद्रिद आणि न्यूयॉर्क दोन्ही साधारण ४०.५ अंश उत्तर अक्षांशावर आहेत. सपाट नकाशावर वाटतं की सरळ पश्चिमेकडे जात राहिलं की झालं. त्या वाटेने अंतर सुमारे ५,९४० किलोमीटर होतं. दोरा मात्र उत्तरेकडे फुगत साधारण ४६ अंशांपर्यंत चढतो, मग खाली येतो, आणि अंतर सुमारे ५,७७० भरतं. नकाशावर वाकडी दिसणारी वाट १७० किलोमीटरनी कमी! शहरं जितकी दूर आणि ध्रुवांच्या जितकी जवळ, तितकी ही बचत वाढते. विमानातल्या पडद्यावर आपलं विमान भलतीकडेच वळलेलं दिसलं तर त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

हे अंतर काढायला गूगल अर्थमधली मोजपट्टी किंवा ग्रेट सर्कल मॅपर ही साइट पुरेशी आहे. तरीही एकदा हाताने करून बघा, म्हणजे आकड्यावरचा विश्वास उधारीचा राहत नाही. त्यासाठी दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश आणि सायंटिफिक कॅल्क्युलेटर लागेल. मुंबईचा विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. लंडनचा हीथ्रो ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम.

आधी रेखांशांतला फरक काढा. एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला असल्यामुळे इथे बेरीज करायची: ७२.८७ + ०.४५ = ७३.३२ अंश. दोन्ही एकाच बाजूला असते तर वजाबाकी केली असती. (फरक १८० च्या वर गेला तर तो ३६० मधून वजा करा.) मग दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार: ०.३२७१ × ०.७८२३ = ०.२५५९. त्यानंतर दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशातल्या फरकाचा कोसाइन, अशा तिघांचा गुणाकार: ०.९४५० × ०.६२२९ × ०.२८७० = ०.१६८९. दोन्हींची बेरीज ०.४२४८. हा ज्या कोनाचा कोसाइन आहे तो कोन कॅल्क्युलेटरवर उलटा (cos⁻¹ हे बटण वापरून) काढा. तो येतो ६४.८६ अंश. ग्रेट सर्कलचा एक अंश म्हणजे १११.१९ किलोमीटर. गुणाकार केला की सुमारे ७,२१० किलोमीटर.

हे करताना दोन ठिकाणी गडबड होते. कॅल्क्युलेटर रेडियनवर राहिलेला असतो. तो डिग्रीवर आणा. आणि काही ठिकाणी स्थान अंश-मिनिटांत दिलेलं असतं. तिथे १९ अंश ३० मिनिटं म्हणजे १९.३० नव्हे, १९.५०. मिनिटांना ६० ने भागून मगच दशांश लिहायचा. दक्षिण अक्षांश असेल तर त्याला वजा चिन्ह द्या.

पृथ्वी अगदी गोल नाही, ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे. त्यामुळे या पद्धतीत जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याची चूक राहते. सात हजारांत पस्तीस किलोमीटर म्हणजे विमानाची दोन-अडीच मिनिटं. ती सोडून द्या.

आकडा कुठल्या एककात आहे तेही पाहा. विमान क्षेत्रात नॉटिकल मैल चालतो आणि तो बरोबर १.८५२ किलोमीटरचा असतो. साधा मैल १.६०९ किलोमीटरचा. एखाद्या ठिकाणी मुंबई–लंडन ३,८९० दिसलं आणि दुसरीकडे ४,४८० दिसलं, तर दोन्ही बरोबर आहेत. पहिले नॉटिकल मैल, दुसरे साधे मैल.

आणि हवाई अंतराची रस्त्याच्या किंवा रेल्वेच्या अंतराशी गल्लत नको. मुंबई–दिल्ली हवाई अंतर सुमारे १,१४० किलोमीटर आहे, तर मुंबई सेंट्रलहून नवी दिल्लीला जाणारी राजधानी १,३८४ किलोमीटर धावते.

पायरी ३: अंतरावरून वेळ

मोठी जेट विमानं दहा-बारा किलोमीटर उंचीवर ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतात, छोटी थोडी कमी वेगाने. पण अंतराला ९०० ने भागून मिळणारा वेळ तिकिटावरच्या वेळेपेक्षा नेहमी कमी येतो. कारण तिकिटावरचा वेळ हा हवेतला वेळ नसतोच. चाकांखालचे अडसर काढून विमान मागे ढकललं जातं तेव्हा घड्याळ सुरू होतं आणि दुसऱ्या टोकाला जागेवर उभं राहून अडसर पुन्हा लागले की थांबतं. याला ब्लॉक टाइम म्हणतात. धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं, कमी वेगाने वर चढणं, शेवटचा अर्धा तास वेग कमी करत उतरणं, गर्दीच्या विमानतळावर आकाशातच घिरट्या घालणं आणि उतरल्यावर गेटपर्यंतची वाट, हे सगळं त्यात येतं. शिवाय विमान ग्रेट सर्कलवरून तंतोतंत जात नाही. ठरलेले हवाई मार्ग आणि वादळं पाहून ते थोडं इकडेतिकडे होतं.

हे सगळं गृहीत धरून मी एकच सूत्र वापरतो: किलोमीटरमधल्या अंतराला ८५० ने भागा आणि पाऊण तास मिळवा.

मुंबई–दिल्ली: १,१४० भागिले ८५० म्हणजे १ तास २० मिनिटं, अधिक ४५ मिनिटं, एकूण २ तास ५ मिनिटं. वेळापत्रकात सव्वादोन तासांच्या आसपास असतं. मुंबई–लंडन: साधारण साडेआठ तास अधिक पाऊण, म्हणजे सव्वानऊ. जाण्याच्या दहा आणि येण्याच्या नऊ तासांच्या मधे. सिंगापूर–न्यूयॉर्क हे जगातल्या सगळ्यात लांब नियमित उड्डाणांपैकी एक, सुमारे १५,३४५ किलोमीटर. सूत्राने १८ तास ४८ मिनिटं येतात आणि वेळापत्रकातही साडेअठरा तासांहून थोडा जास्तच वेळ दिलेला असतो. अंतर तेरापटीहून जास्त वाढलं तरी सूत्र टिकतं, म्हणून मला ते आवडतं.

हे जेट विमानांसाठी आहे. जवळच्या छोट्या शहरांना पंख्यांची टर्बोप्रॉप विमानं जातात. त्यांच्यासाठी ८५० च्या जागी ५०० धरा.

पायरी ४: वाऱ्याची दिशा बघा

सूत्राने आलेला आकडा जाण्यायेण्याची सरासरी असते. खरा वेळ ठरवतो तो वारा, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातला सगळ्यात मोलाचा भाग हाच आहे.

विमानं उडतात त्याच उंचीवर दोन्ही गोलार्धांत पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे असतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर असणं नेहमीचंच, आणि हिवाळ्यात ते आणखी जोर धरतात. आता १,५०० किलोमीटरचा टप्पा घ्या. विमानाचा हवेतला वेग ९०० आणि वारा १५०. वारा पाठीमागून असेल तर जमिनीच्या हिशोबाने वेग १,०५० होतो आणि टप्पा १ तास २६ मिनिटांत संपतो. समोरून असेल तर वेग ७५० आणि पूर्ण दोन तास. वारा नसता तर प्रत्येक बाजूला १ तास ४० मिनिटं लागली असती, म्हणजे जाऊन-येऊन ३ तास २० मिनिटं. वाऱ्यात मात्र जाऊन-येऊन ३ तास २६ मिनिटं होतात. ‘जाताना गेलं ते येताना भरून निघतं’ असं वाटतं खरं, पण पुरतं भरून कधीच निघत नाही, कारण विरुद्ध वाऱ्यात आपण जास्त वेळ काढतो.

लंडन–न्यूयॉर्क सुमारे ५,५५० किलोमीटर. सूत्राने सव्वासात तास. प्रत्यक्षात अमेरिकेकडे जाताना आठच्या आसपास आणि परतताना सातच्या आसपास लागतात. फेब्रुवारी २०२० मध्ये सियारा वादळाच्या वाऱ्यावर स्वार होऊन ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं होतं. ध्वनीपेक्षा कमी वेगाने उडणाऱ्या प्रवासी विमानाचा त्या मार्गावरचा तो विक्रम ठरला.

लांबची वाट वेळेला जवळची ठरू शकते, तीही वाऱ्यामुळेच. एअर इंडियाने ऑक्टोबर २०१६ मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. ती वाट हजाराहून जास्त किलोमीटर लांबची, पण वारा सगळा पाठीशी. विमान साधारण दोन तास आधी पोहोचलं.

तेव्हा असं करा: मार्ग पूर्व-पश्चिम असेल आणि उष्ण कटिबंधाबाहेरून जात असेल, तर पश्चिमेकडे जाताना सूत्राच्या वेळेत सात-आठ टक्के वाढवा आणि पूर्वेकडे येताना तीन-चार टक्के कमी करा. विषुववृत्ताजवळ किंवा उत्तर-दक्षिण मार्गावर काही करू नका. लंडन–जोहान्सबर्ग सुमारे ९,०७० किलोमीटर आहे, पण दोन्हीकडून वेळ जवळपास सारखाच, अकरा तासांच्या आसपास. आणि तिथे घड्याळांतला फरकही एक-दोन तासांचाच असल्याने उतरल्यावर शरीर गोंधळत नाही. अंतर आणि जेट लॅग यांचा थेट संबंध नाही, हे त्यावरून कळतं.

पायरी ५: वाटेतलं आकाश उघडं आहे का?

कुठलाही देश आपल्या आकाशातून कोणाला जाऊ द्यायचं हे ठरवू शकतो. हेलसिंकी–टोकियो हे अंतर ८,००० किलोमीटरच्याही आत आहे, आणि रशियावरून जाणारं फिनएअरचं विमान नऊ-साडेनऊ तासांत पोहोचायचं. २०२२ च्या सुरुवातीला रशियाचं आकाश बंद झालं आणि तोच प्रवास तेरा तासांच्या घरात गेला. विमान उत्तर ध्रुवाच्या बाजूने किंवा दक्षिणेकडून वळसा घेऊ लागलं. शहरं जागेवरून हललेली नाहीत, तरी साडेतीन-चार तास वाढले! एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानचं आकाश भारतीय कंपन्यांना बंद झालं, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे निघणाऱ्या त्यांच्या विमानांनाही असाच वळसा पडला. बंदी फक्त काही देशांच्या कंपन्यांना असते, त्यामुळे एकाच मार्गावर दोन कंपन्यांच्या वेळा वेगळ्या दिसू शकतात. जुन्या लेखातला किंवा नातेवाइकांनी आठवणीतून सांगितलेला वेळ अशा मार्गांवर धरून चालू नका.

पायरी ६: तिकिटावरचं घड्याळ

तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या शहरातली असते आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या शहरातली. दोन्ही आधी यूटीसी या जागतिक वेळेत आणा आणि मग वजाबाकी करा. सुरुवातीचंच उदाहरण घ्या. मुंबई यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, हिवाळ्यातलं लंडन यूटीसीवरच. दुपारी १ ला मुंबई सोडलं म्हणजे यूटीसी सकाळी ७.३०. संध्याकाळी ५.३० ला लंडनला उतरलं म्हणजे यूटीसी तेच ५.३०. मधले तास दहा.

परतताना लंडनहून रात्री ९.३० ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी १२ ला मुंबईत. इथे १२ मधून साडेपाच तास वजा केले की यूटीसी सकाळी ६.३०. रात्री ९.३० ते सकाळी ६.३० म्हणजे नऊ तास. पोहोचण्याच्या वेळेपुढे ‘+१’ असं बारीक लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ पुढची तारीख. हा ‘+१’ नजरेतून सुटला की हॉटेल एक दिवस आधीचं घेतलं जातं.

उन्हाळ्यात लंडनची घड्याळं तासभर पुढे जातात आणि फरक साडेचार तासांचा होतो. युरोपात हा बदल मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत असतो, तर अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत. त्यामुळे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एक आठवडा लंडन–न्यूयॉर्कमधला नेहमीचा पाच तासांचा फरक चारच तास राहतो. प्रवास त्या दिवसांत असेल तर दोन्ही शहरांची त्या तारखेची वेळ तपासूनच हिशोब करा.

आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली तर तारीखही मागे जाते. टोकियोहून रात्री ९ ला निघालेलं विमान सात तास उडून होनोलुलूला त्याच तारखेच्या सकाळी ९ ला उतरतं. चूक कुठेच नाही. टोकियो यूटीसीच्या नऊ तास पुढे आणि होनोलुलू दहा तास मागे.

पायरी ७: एकूण वेळ

‘डायरेक्ट’ लिहिलेलं विमान नॉन-स्टॉप असेलच असं नाही. वाटेत एका शहरात उतरून, त्याच क्रमांकाने पुढे गेलं तरी त्याला डायरेक्ट म्हणतात. नॉन-स्टॉप म्हणजे मधे कुठेही न उतरणारं. विमान बदलावं लागणार असेल तर प्रत्येक टप्प्याचं अंतर वेगळं काढा, पाऊण तास प्रत्येक टप्प्याला वेगळा मिळवा आणि मग मधल्या थांब्याचा वेळ धरा.

घरापासून मुक्कामापर्यंतचा हिशोब करताना विमानतळावर आधी पोहोचायचे दोन-तीन तास आणि उतरल्यावर इमिग्रेशन व सामानासाठी तासभर धरावा लागतो. जवळच्या शहरांमध्ये हाच वेळ उड्डाणापेक्षा मोठा होतो. टोकियो–ओसाका हवाई अंतर चारशे किलोमीटरच्या आसपास, सूत्राने सव्वा तास. शिंकान्सेन रेल्वेला अडीच तास लागतात, पण ती शहराच्या मध्यातून निघून ओसाकाच्या शिन-ओसाका स्टेशनवर सोडते. अशा अंतरांवर मी रेल्वेचीच बाजू घेईन.

सगळं झाल्यावर एक शेवटची पडताळणी करा. फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअरवर आपल्या विमानाचा क्रमांक टाकला की मागच्या काही दिवसांत ते प्रत्यक्षात किती वाजता सुटलं आणि किती वाजता उतरलं ते दिसतं. कंपन्या वेळापत्रकात थोडी सैल जागा ठेवतात, म्हणून वेळेवर सुटलेलं विमान बऱ्याचदा दहा-वीस मिनिटं आधीच उतरतं. पण पुढचं विमान पकडायचं असेल तर त्या वीस मिनिटांवर भिस्त ठेवू नका. यादीतला सगळ्यात उशिराचा दिवस शोधा आणि त्या दिवशीही पुढचं विमान मिळालं असतं का, ते पाहून मगच तिकीट काढा.